ओकलंडचे तिन्ही संघ गेले कसे? अमेरिकेत 'शहराचा संघ' नेमका कुणाचा असतो

26 सप्टेंबर 2024 च्या दुपारी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात बेसबॉलचा एक सामना संपला. ओकलंड ॲथलेटिक्स, ज्यांना तिथे सगळे लाडाने 'एज' म्हणतात, त्यांनी टेक्सास रेंजर्सना 3-2 असं हरवलं. स्टेडियममध्ये 46,889 माणसं होती आणि सामना जिंकल्यावरही त्यांचा पाय तिथून निघत नव्हता. संघाचे मॅनेजर मार्क कॉत्से यांनी माइक हातात घेऊन लोकांचे आभार मानले, मग 'लेट्स गो ओकलंड'चा गजर सुरू करून दिला. मैदानाची निगा राखणारे कर्मचारी तिथली माती पेल्यांत भरून कठड्यापलीकडे उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या हातात देत होते. घर सोडताना अंगणातली मूठभर माती बांधून घ्यावी, तसं. फरक एवढाच की इथे घर सोडून दुसराच कुणी चालला होता आणि माती मागे राहणारे घेत होते.

एजचा ओकलंडमधला तो शेवटचा सामना. 1968 पासून 57 हंगाम ते तिथे खेळले. त्याआधी 2019 मध्ये बास्केटबॉलचा वॉरियर्स हा संघ गेला होता आणि 2020 मध्ये अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स. पाच-सहा वर्षांत तीन मोठे संघ गमावलेलं हे शहर. (न्यूझीलंडचं ऑकलंड वेगळं. हे ओकलंड सॅन फ्रान्सिस्कोच्या समोर, खाडीच्या पूर्व काठावर आहे.)

एज 2025 पासून सॅक्रामेंटोजवळ जेमतेम 14 हजार प्रेक्षकांच्या छोट्या मैदानात खेळतात, नावापुढे कुठल्याही शहराचं नाव न लावता. लास व्हेगासमधलं त्यांचं नवं स्टेडियम 2028 मध्ये उघडायचं ठरलं आहे. आपल्याकडच्या अनेकांना हा प्रकार कळतच नाही. संघ हारतो, जिंकतो, पण उठून दुसऱ्या गावी कसा जातो? आणि शहर त्याला अडवू का शकत नाही?

## आधी शहर समजून घेऊ

ओकलंडची लोकसंख्या साधारण 4 लाख 40 हजार. म्हणजे आपल्या हिशेबात मध्यम शहर. पलीकडे श्रीमंत, जगप्रसिद्ध सॅन फ्रान्सिस्को. अलीकडे बंदर, गोदामं आणि कामगारांच्या वस्त्या असलेलं ओकलंड. पण खेळात या धाकट्या शहराने जे मिळवलं ते थक्क करणारं आहे.

एजने 1972, 1973 आणि 1974 अशी लागोपाठ तीन वर्षं बेसबॉलचं सर्वोच्च विजेतेपद, म्हणजे वर्ल्ड सिरीज, जिंकली. न्यूयॉर्क यांकीज सोडले तर हे आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. 1989 मध्ये चौथं विजेतेपद आलं. त्या वर्षी अंतिम लढत खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशीच होती आणि तिसऱ्या सामन्याआधी काही मिनिटं मोठा भूकंप झाला. रेडर्सनी ओकलंडचं नाव लावून दोन सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची अजिंक्यपदं, जिंकली. वॉरियर्सनी 1975, 2015, 2017 आणि 2018 मध्ये बास्केटबॉलचं अजिंक्यपद आणलं.

शहराच्या गल्ल्यांमधूनही खेळाडू निघाले. बास्केटबॉलमधला दादा माणूस बिल रसेल, बेसबॉलमधले फ्रँक रॉबिन्सन आणि कर्ट फ्लड, हे तिघेही वेस्ट ओकलंडच्या मॅक्लायमंड्स हायस्कूलचे विद्यार्थी. धावून बेस चोरण्यात, म्हणजे फटका न मारताच मैदानावरचा पुढचा टप्पा पळत गाठण्यात, ज्याची बरोबरी कुणी करू शकलं नाही, कारकिर्दीत 1,406 बेस चोरणारा तो रिकी हेंडरसनही ओकलंडमध्येच वाढला. यातलं कर्ट फ्लड हे नाव लक्षात ठेवा. पुढे त्याच्यापाशी परत यायचं आहे.

## संघ हा शहराचा नसतो, मालकाचा असतो

आपल्या मनात संघ म्हणजे रणजीचा मुंबई किंवा महाराष्ट्र. तो त्या-त्या क्रिकेट संघटनेचा, तो गाव सोडून जाऊच शकत नाही. अमेरिकेतले मोठे संघ मात्र फ्रँचायझी असतात. फ्रँचायझी म्हणजे लीगने एका मालकाला दिलेला परवाना: या शहरात, या नावाने, आमच्या स्पर्धेत खेळायचा हक्क. आयपीएलमुळे हे आता आपल्यालाही माहीत झालं आहे. पुण्याने तर ते अनुभवलं आहे. पुणे वॉरियर्स 2013 नंतर संपले, रायझिंग पुणे सुपरजायंट दोन हंगामांपुरते आले नि गेले. पुणेकरांना कुणी विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती.

आता यात आकड्यांची मेख आहे. बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये फक्त 30 संघ आहेत, बास्केटबॉलमध्ये 30, अमेरिकन फुटबॉलमध्ये 32. इंग्लंडच्या फुटबॉलसारखं खालच्या श्रेणीतून जिंकून वर येणं इथे नाही. नवा संघ द्यायचा की नाही हे आहेत तेच मालक मिळून ठरवतात. बेसबॉलने शेवटचे नवे संघ घेतले ते 1998 मध्ये.

तालुक्यात दहा गावं एसटीची वाट बघत असतील आणि गाड्या सातच सोडायच्या असं ठरलं असेल, तर काय होईल? तीन गावं कायम हात जोडून उभी राहतील आणि बाकीच्या सातांना आपली गाडी बंद पडण्याची धास्ती. अमेरिकेत नेमकं हेच होतं. संघ हवा असलेली एखाद-दोन शहरं नेहमी बाहेर ताटकळत असतात, त्यामुळे मालकाला आपल्या शहराला सांगता येतं: स्टेडियम बांधून द्या, नाहीतर ते देतायत. शहराची गरज खरी असते आणि टंचाई मुद्दाम केलेली. माझ्या मते ओकलंडची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

## मग शहराने अडवलं का नाही?

अडवलं. आणि ज्या हत्याराने अडवायचा प्रयत्न केला ते वाचून आपल्याकडचा कुठलाही शेतकरी चमकेल.

रेडर्स दोनदा गेले. पहिल्यांदा 1982 मध्ये लॉस एंजेलिसला. त्याची कुणकुण लागल्यावर 1980 मध्येच ओकलंड शहर कोर्टात गेलं आणि म्हणालं, आम्ही हा संघ सार्वजनिक हितासाठी संपादन करतो. म्हणजे भूसंपादन, पण जमिनीचं नव्हे, आख्ख्या फुटबॉल संघाचं! योग्य मोबदला देऊ, रस्त्यासाठी जमीन घेतात तसा संघ ताब्यात घेऊ. हे वेडेपण वाटेल, पण 1982 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की तत्त्वतः असं करायला बंदी नाही. मात्र 1985 मध्ये अपील कोर्टाने शहराच्या विरोधात निकाल दिला. कारण असं दिलं की फुटबॉल लीग देशभर पसरलेला धंदा आहे आणि एका शहराने त्यातला एक संघ खिळवून ठेवला तर राज्याराज्यांतल्या व्यापारात अडथळा येईल.

तोवर रेडर्स केव्हाच निघून गेले होते. खुद्द फुटबॉल लीगलाही ते जायला नको होते. पण मालक अल डेव्हिस मक्तेदारीविरोधी कायद्याखाली लढून जिंकले. मक्तेदारीविरोधी कायदा म्हणजे व्यापाऱ्यांनी संगनमत करून बाजार अडवू नये यासाठीचा कायदा. इतर मालकांनी एकत्र येऊन एका मालकाची वाट अडवणं हे असंच संगनमत, असं ज्यूरीला पटलं.

## परत आलेल्या संघाची किंमत

1995 मध्ये रेडर्स परतले. शहर इतकं हरखलं की त्याने आणि अलामेडा काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) मिळून जवळपास 20 कोटी डॉलरचे रोखे काढले आणि कोलिझियम स्टेडियम वाढवलं. ते रोखे प्रेक्षकांकडून आगाऊ पैसे घेऊन फेडायचे होते. प्रेक्षकांनी तेवढे पैसे दिले नाहीत. हप्ते करदात्यांच्या गळ्यात पडले, आणि 2020 मध्ये रेडर्स लास व्हेगासला गेले तेव्हाही शहर ते कर्ज फेडतच होतं. ओकलंडने यातून धडा घेतला आणि पुन्हा तिजोरी उघडी करायला नकार दिला. नेवाडा राज्याने मात्र हॉटेलांच्या खोल्यांवरच्या करातून 75 कोटी डॉलर देऊ केले. संघ तिकडे गेला.

त्या 1995 च्या वाढीव कामाची खूण आजही कोलिझियममध्ये दिसते. मैदानाच्या एका अंगाला सिमेंटचा अवाढव्य डोंगर उभा राहिला. आधी तिथून ओकलंडच्या खऱ्या टेकड्या दिसायच्या, उन्हाळ्यात पिवळट तपकिरी आणि संध्याकाळी जांभळ्या होणाऱ्या. लोकांनी त्या काँक्रीटला 'माउंट डेव्हिस' नाव ठेवलं. बेसबॉलला तिथल्या जागा भरतच नसत, म्हणून 2006 पासून वरच्या मजल्यावर ताडपत्री घालून त्या झाकून टाकल्या. फुटबॉलसाठी लोकांच्या पैशाने बांधलेली भिंत बेसबॉल बघणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि मग दोघेही गेले. भिंत राहिली.

## 'पण लोकच सामन्याला येत नव्हते ना?'

एजच्या बाबतीत हा आक्षेप सर्रास घेतला जातो आणि आकडा खोटा नाही. 2022 च्या आख्ख्या हंगामात 8 लाखही प्रेक्षक आले नाहीत.

पण दुसरा आकडाही बघा. 1990 मध्ये याच स्टेडियममध्ये, याच शहरात 29 लाख प्रेक्षक आले होते. तेव्हा संघ हास कुटुंबाच्या मालकीचा होता आणि खेळाडूंवर मन लावून खर्च होत असे. पुढच्या मालकांनी हात आखडता घेतला. 2002 मधला एजचा सलग 20 विजयांचा पराक्रम स्वस्तातल्या खेळाडूंच्या जोरावर झाला आणि तो जगभर गाजला, पण त्या कौतुकाआड हेही दडलं की दर वेळी घडवलेला चांगला खेळाडू महाग झाला की विकला जात होता. 2022 चा हंगाम सुरू होण्याआधी मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन हे लाडके खेळाडू दुसऱ्या संघांना दिले, वर सीझन तिकिटांचे दर वाढवले. 2023 मध्ये संघ 162 पैकी 112 सामने हरला. स्टेडियममध्ये तर सांडपाणी तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत शिरल्याचीही वेळ येऊन गेली होती. मैदान समुद्रसपाटीच्या खाली असल्याने तिथे पाणी उपसून काढावं लागतं.

दुकानदाराने माल काढून घ्यायचा, भाव वाढवायचे, छत गळू द्यायचं आणि मग म्हणायचं, या गल्लीत गिऱ्हाईकच नाही!

गिऱ्हाईक होतं. 13 जून 2023 ला चाहत्यांनी ते दाखवून दिलं. मालक जॉन फिशर यांचा निषेध म्हणून बहिष्कार घालण्याऐवजी त्यांनी उलटा बहिष्कार पुकारला, म्हणजे सगळ्यांनी यायचं. एका मंगळवारच्या सामन्याला 27,759 माणसं आली. अंगात हिरवे शर्ट, छातीवर एकच शब्द: 'सेल', विका. पाचव्या डावाच्या सुरुवातीला सगळं स्टेडियम ठरवून गप्प झालं. पाठोपाठ एकाच आवाजात 'सेल द टीम'चा गजर उठला. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरच्या सार्वजनिक मदतीचा प्रस्ताव मंजूर केला. दोनच दिवसांत त्यावर गव्हर्नरची सही झाली. नोव्हेंबरमध्ये इतर संघांच्या मालकांनी स्थलांतराला एकमताने होकार दिला.

## 'शहराने जवळपास कुठे जागा दिली असती तर?'

दिली होती. ओकलंडच्याच बंदरात हॉवर्ड टर्मिनल इथे स्टेडियम, घरं आणि कार्यालयं असा साधारण 1,200 कोटी डॉलरचा प्रकल्प ठरत होता. बोलणी अनेक वर्षं चालली. एप्रिल 2023 मध्ये संघाने लास व्हेगासमध्ये जमिनीचा करार जाहीर केला आणि बोलणी तिथेच संपली.

त्याही आधीचा दुसरा मार्ग अधिक उद्बोधक आहे. दक्षिणेला साठ-सत्तर किलोमीटरवर सॅन होजे आहे. तिथे आणि आसपास आज मराठी माणसं मोठ्या संख्येने राहतात, महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम होतात. सॅन होजेला एज हवे होते आणि एजला सॅन होजे. अडलं ते हद्दीवर.

आपल्याकडे एकेकाळी उसाला झोनबंदी होती. या गावाचा ऊस या कारखान्यालाच, शेजारच्याने जास्त भाव दिला तरी तिकडे नेता येत नसे. बेसबॉलमध्ये संघांच्या हद्दी अशाच आखलेल्या असतात. सॅन होजे ज्या काउंटीत येतं ती जायंट्सच्या वाट्याची. आणि ती त्यांच्याकडे आली कशी? 1990 च्या सुमारास जायंट्सना स्वतःलाच तिकडे जायचं होतं, म्हणून एजचे तेव्हाचे मालक वॉल्टर हास यांनी शेजारधर्म म्हणून, एक पैसा न घेता, होकार दिला. जायंट्स काही तिकडे गेले नाहीत. हद्द मात्र त्यांच्याकडेच राहिली आणि पुढे एजने मागितली तेव्हा त्यांनी दिली नाही. हे वाचून मला अजूनही वाईट वाटतं. वाटणीचा कागद न करता भावाला बांध सरकवू द्यावा आणि पुढच्या पिढीला कोर्टाची पायरी चढावी लागावी, तसलीच ही गोष्ट.

सॅन होजे शहर कोर्टात गेलं. 2015 मध्ये हरलं. का हरलं, याचं उत्तर आपल्याला कर्ट फ्लडकडे घेऊन जातं.

## ओकलंडच्या पोराने लढलेली लढाई

1922 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांतला व्यापार नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. ही सवलत फुटबॉलला नाही, बास्केटबॉलला नाही, फक्त बेसबॉलला आहे. म्हणूनच फुटबॉल लीग रेडर्सना रोखू शकली नाही, पण बेसबॉल लीग एजना सॅन होजेपासून रोखू शकली. एका खेळात कायदा लागू होता म्हणून संघ गेला, दुसऱ्यात लागू नव्हता म्हणून संघाची जवळची वाट बंद झाली. ओकलंड दोन्हीकडून बुडालं.

त्या सवलतीची सगळ्यात मोठी झळ आधी खेळाडूंना बसली होती. करारात एक कलम असे, ज्यामुळे खेळाडू निवृत्त होईपर्यंत एकाच संघाचा बांधील राही. संघ त्याला विकू शके, बदलीत देऊ शके. त्याला स्वतः मात्र हलता येत नसे. 1969 मध्ये सेंट लुईसमध्ये बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लडला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला. मी काही विकायची-घ्यायची वस्तू नाही, असं त्याने लीगच्या प्रमुखांना कळवलं आणि खटला भरला. वर्षाला 90 हजार डॉलर मिळवणारा, नावाजलेला खेळाडू होता तो. या लढाईत कारकीर्द संपली.

1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 3 असा हरला. 1922 चा निकाल विचित्र आहे हे न्यायाधीशांनीच मान्य केलं, पण तो बदलणं संसदेचं काम म्हणून सोडून दिलं. खेळाडूंना मोकळीक मिळाली ती पुढे 1975 मध्ये, लवादाच्या निर्णयामुळे. 1998 मध्ये फ्लडच्याच नावाने कायदा झाला आणि मोठ्या लीगच्या खेळाडूंपुरती ती सवलत रद्द झाली. संघांच्या स्थलांतराला आणि हद्दींना मात्र त्या कायद्याने हात लावला नाही. ज्या भिंतीवर ओकलंडच्या पोराने डोकं आपटलं, तिचा एक भाग पडला. उरलेल्या भागावर त्याचं शहर आदळलं.

## 'ओकलंडनेही दुसऱ्यांचेच संघ आणले होते ना?'

हो, आणि हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. एज मूळचे फिलाडेल्फियाचे. 1955 मध्ये कॅन्सस सिटीला गेले आणि 1968 मध्ये तिथल्या लोकांना रडवून ओकलंडला आले. वॉरियर्सही फिलाडेल्फियाहून सॅन फ्रान्सिस्कोला, मग 1971 मध्ये ओकलंडला, आणि 2019 मध्ये पुन्हा पूल ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला. ओकलंडमध्ये 48 वर्षं राहूनही त्यांनी नावात शहर कधी घेतलं नाही, 'गोल्डन स्टेट' (कॅलिफोर्नियाचं टोपणनाव) म्हणत राहिले. पण त्यामुळे ओकलंडचं दुःख खोटं ठरत नाही. टंचाईच्या व्यवस्थेत एका शहराचा आनंद दुसऱ्याच्या ताटातूनच येतो, एवढंच त्यातून दिसतं.

## 'लोकांनीच संघ विकत का घेऊ नये?'

याचं एक जिवंत उदाहरण आहे. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या लाखभर वस्तीच्या गावात फुटबॉलचा पॅकर्स हा संघ 1923 पासून लोकांच्या भागभांडवलावर उभा आहे. आज 5 लाखांहून जास्त भागधारक आहेत. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदासारखेच, फक्त लाभांश नाही आणि भाग नफ्याने विकताही येत नाही. म्हणून तो संघ त्या छोट्या गावातून हललेला नाही. मग इतरांनी तसं का केलं नाही? फुटबॉल लीगच्या नियमांनी अशी मालकी पुढे कुणाला घेऊ दिलेली नाही. पॅकर्स जुने म्हणून वाचले.

## आता तिथे काय आहे?

कोलिझियम उभं आहे. 2025 पासून ओकलंड रूट्स हा सॉकरचा क्लब तिथे खेळतो. आणि 12 जून 2025 ला तिथे चक्क क्रिकेट झालं. अमेरिकेच्या मेजर लीग क्रिकेटच्या सलामीच्या सामन्यात फिन ॲलनने 51 चेंडूंत 151 धावा ठोकल्या, त्यात 19 षटकार, टी-20 च्या एका डावातला विश्वविक्रम. आपल्यापैकी अनेकांनी कोलिझियम पहिल्यांदा पाहिलं ते त्या षटकारांच्या क्लिपमध्ये. खाडी परिसरातले भारतीय लोक त्या दिवशी मेट्रोतून उतरून त्याच पादचारी पुलावरून आत गेले, ज्यावरून दोन पिढ्या हिरवे-पिवळे शर्ट घालून जात असत.

बेसबॉलही संपलेला नाही. 2024 मध्ये बॉलर्स नावाचा छोटा संघ सुरू झाला, मोठ्या लीगच्या बाहेरच्या पायोनियर लीगमध्ये. वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये, फ्लड आणि रसेल ज्या भागात वाढले तिथेच, त्यांनी मैदान सज्ज केलं. चाहत्यांना भाग विकले, आणि दोन हजारांवर लोकांनी ते घेतले. 2025 मध्ये दुसऱ्याच हंगामात संघाने लीग जिंकली. भागधारकांना काय मिळतं? संचालक मंडळावर त्यांचा प्रतिनिधी असतो, आणि संघ ओकलंडबाहेर न्यायचा विषय निघाला तर आधी त्यांना विचारावं लागतं.